सोडा, व्हिनेगर, लिंबू: एवढ्यावर घर साफ होतं का?

केरसुणी
घरातल्या सफाईच्या बाटल्या कमी करायच्या आहेत. बाथरूमची वेगळी, काचेची वेगळी, ओट्याची वेगळी, फरशीची वेगळी, आणि प्रत्येकीचा वास डोक्यात जाणारा. घरात बाळ रांगायला लागलंय. फरशीला आज जे लागेल ते उद्या त्याच्या तोंडात जाणार हे धरूनच चाललेय.

तर खायचा सोडा, व्हिनेगर, लिंबू, मीठ एवढ्यावर भागतं का ते बघतेय. जिकडे बघावं तिकडे एकच कृती: सोडा भुरभुरवा, वर व्हिनेगर ओता, फेस आला की पुसून घ्या. फेस झकास येतो. पण नळावरचा पांढरा थर होता तिथेच आहे आणि शेगडीमागच्या टाइल्सचा चिकटाही ढिम्म हलत नाही.

नक्की कशाला काय वापरायचं? ज्यांचं खरोखर यावर भागतंय त्यांनी लिहा. 'दुकानातलं आणा' हा सल्ला घरात फुकट मिळतोय, तो नको.

टिंब_टिंब
दुकानातलं आणा.

(पळतो.)

आम्लपित्त
फेसाच्या नादी लागू नका, एवढंच आधी सांगतो. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्लधर्मी. एकत्र आले की एकमेकांचा जोर काढून घेतात. कार्बन डायऑक्साइड बुडबुडत उडून जातो आणि खाली उरतं सोडियम ॲसिटेटचं मिळमिळीत पाणी. त्याने ना क्षार सुटत, ना तेल. म्हणजे कामाच्या दोन्ही वस्तू तुम्ही स्वतःच्या हाताने वाया घालवताय.

घाण कुठल्या जातीची आहे ते आधी बघा.

नळ, शॉवर, बाथरूमची काच, किटलीचा तळ इथला पांढरा खडबडीत थर म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. जड पाण्याची देणगी. त्याला आम्लच लागतं. साध्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. लिंबाच्या रसात सायट्रिक ॲसिड जवळपास तेवढंच, पण रसात साखर आणि गर असतो, पृष्ठभाग चिकट राहतो. त्यापेक्षा सायट्रिक ॲसिडची पूड बरी. वास नाही, हवं तेवढं कडक करता येतं.

शेगडीमागचा चिकटा म्हणजे तेलाची वाफ थरावर थर बसून घट्ट झालेली. त्यावर व्हिनेगर कितीही मारा, ते हसतं. तिथे अल्क हवा. खायच्या सोड्याचा पीएच ८ च्या थोडा वर, म्हणजे फारच सौम्य. तो मुख्यतः बारीक घासायची पूड म्हणून कामाचा. तेलाला धुण्याचा सोडा लावा, त्याचा पीएच ११ च्या आसपास जातो. गरम पाण्यात विरघळवा, फडकं भिजवून टाइलवर थोपवून ठेवा, दहा मिनिटांनी पुसा. हातमोजे घालून. तो तुमच्या त्वचेचं तेलही सोडत नाही.

घरात धुण्याचा सोडा नसेल तर खायचा सोडा ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर तापवा. १०० ग्रॅमचे साधारण ६३ ग्रॅम उरतात, बाकीचं पाणी आणि वायू होऊन जातं. उरतो तोच धुण्याचा सोडा.

शेपूट
म्हणजे इतकी वर्षं आपण सगळे फेस बघून टाळ्या वाजवत होतो.

घासणी
आम्लपित्त, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली आहे.

केरसुणीताई, नळाचं सांगते. नळावर व्हिनेगर शिंपडून लगेच पुसलं तर काही होत नाही, ते ओघळून जातं. त्याला वेळ द्यावा लागतो. जुनं सुती फडकं व्हिनेगरमध्ये चिंब करून नळाभोवती गुंडाळायचं आणि वर रबरबँड. शॉवरच्या तोंडाला पिशवीत व्हिनेगर भरून ती बांधायची, जाळी बुडेल अशी. अर्धा-पाऊण तास. फडकं सोडल्यावर थर दुधी आणि मऊ झालेला दिसतो. नखाने ओरखडा काढला तर भुकटी पडते. सगळ्यात चिवट असते ती नळाच्या बुडाची कड, जिथे पाणी साचून राहतं. तिथे जुना टूथब्रश लागतोच. मग साध्या पाण्याने धुवायचं आणि कोरडं पुसायचं. हे शेवटचं पुसणं विसरलात तर त्याच पाण्याचे नवे डाग तासाभरात हजर.

रात्रभर मात्र बांधून ठेवू नका. मुलामा कुठे उडाला असेल तर आम्ल आत शिरतं आणि नळ डागाळतो.

आणि बाथरूमच्या काचेला एक रबरी वायपर लटकवा. आंघोळ झाली की चार हात ओढा. पाणी वाळतं तेव्हाच क्षार मागे राहतात, पाणीच राहिलं नाही तर थर धरणार कशाचा? माझ्या घरी हे मी सोडून कुणी करत नाही ही गोष्ट वेगळी.

ठिणगी
असहमत. फेसावर एवढा राग का? करपलेल्या पातेल्यात सोडा-व्हिनेगर टाकलं की बुडबुड्यांनी काळे पापुद्रे सुटून वर येतात. डोळ्यांनी बघितलंय. रसायनशास्त्र बरोबर असेल, पण पातेलंही स्वच्छ झालं ना?

आम्लपित्त
बुडबुडे पापुद्रा हलवतात, मान्य. पण तो खेळ दोन मिनिटांचा. त्याच पातेल्यात नुसता सोडा आणि पाणी घालून उकळी काढा, मग तसंच निवू द्या. पापुद्रे सुटतीलच, वर तेलकट थरही सुटेल, आणि व्हिनेगर नळासाठी शिल्लक राहील. ॲल्युमिनियमचं पातेलं असेल तर मात्र सोड्याने काळवंडतं, तिथे लिंबाच्या फोडी टाकून पाणी उकळायचं.

एक गोष्ट गंभीरपणे: काही लोक सोडा-व्हिनेगर आधीच मिसळून बंद बाटलीत भरून ठेवतात. वायूला जायला जागा नसते. बाटली फुटते.

ठिणगी
पातेल्यापुरता युद्धविराम. मोरी तुंबल्यावर तरी फेस चालतो की नाही?

नळ_दमयंती
पाइपांची कामं करणं हा माझा धंदाच आहे, म्हणून सांगतो. तुंबलेल्या मोरीतून जे बाहेर निघतं तो केसांचा दोर असतो. साबणाचा राखाडी, मेणचट गाळ त्याला धरून बसलेला असतो. केस ना सोड्याने विरघळत, ना व्हिनेगरने. फेस वरच्या वर येतो, थोडं पाणी सरकतं, लोक खूश. आठवड्याने फोन येतोच. जाळी उचला, वाकडी तार घाला आणि ओढा. नाहीतर रबरी पंप मारा. पंप मारताना शेजारचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा दाब तिकडून जातो.

उकळतं पाणी ओतायचा सल्लाही सगळीकडे दिसतो. पाइप पीव्हीसीचे असतील तर नको. ६० अंशांच्या पुढे ते नरम पडायला लागतात, सांधे सुटतात. हाताला सोसेल त्याहून थोडं गरम, इतपत ठीक.

शेपूट
दमयंती, जेवता जेवता वाचत होतो हो.

नळ_दमयंती
मग स्वयंपाकघराच्या सिंकमधून काय निघतं ते उद्या लिहीन.

धूळपाटी
आम्लाचं कौतुक चाललंय म्हणून उलट बाजू सांगते. आमच्या शेजारच्यांनी संगमरवरी ओट्यावर अर्धं लिंबू घासलं, 'नैसर्गिक आहे, काय होणार' म्हणून. वाळल्यावर ओट्यावर गोल गोल निस्तेज ठसे उमटले. डाग समजून त्यांनी पुन्हा लिंबू घासलं. तो डाग नव्हताच, दगड झिजला होता. संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच. ज्याने नळाचा थर जातो त्याने ओट्याची चकाकीही जाते. शेवटी पॉलिशवाल्याला बोलवावं लागलं.

चुनखडीचा दगड, संगमरवराचे तुकडे घातलेली मोझॅक फरशी, टाइल्समधले सिमेंटचे सांधे, हे सगळे याच बिरादरीतले. तिथे साध्या साबणाचं कोमट पाणी, बास. केरसुणी, तुमची फरशी कसली आहे?

केरसुणी
साधी सिरॅमिक. हुश्श.

नळाला फडकं गुंडाळून आलेय. पाऊण तासाने येते.

सालपट
इतका वेळ झाला तरी कुणी बायो-एन्झाइमचं नाव काढलं नाही? संत्री-मोसंबी-लिंबाच्या साली ३ भाग, गूळ १ भाग, पाणी १० भाग, वजनाने. तोंड रुंद असलेल्या प्लॅस्टिकच्या बरणीत, वर एक पंचमांश जागा सोडून. काचेची बरणी नको, आत वायू होतो. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, मग आठवड्यातून एकदा. ३ महिन्यांनी गाळायचं. तपकिरी, आंबूस वासाचं पाणी मिळतं. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी घाला. फरशी, सिंक, खिडक्या, कमोड, सगळ्याला चालतं. गाळलेला चोथा पुढच्या बरणीला विरजण. आमच्या घरी दुसरं काही आणतच नाही. जंतू मरतात, किडे पळतात, आणि सांडपाण्यात गेलं की तेही शुद्ध होतं.

आम्लपित्त
बाकी मान्य, शेवटच्या वाक्याला थांबवतो.

बरणीत होतं काय? यीस्ट गुळातल्या साखरेचं अल्कोहोल करतं, मग जिवाणू त्याचं ॲसेटिक ॲसिड करतात. थोडंफार लॅक्टिक ॲसिडही तयार होतं. म्हणजे तुम्ही घरच्या घरी सालींच्या वासाचं व्हिनेगर केलंत. क्षारांवर चालणारच, का नाही चालणार? सालींमधलं तेलही थोडं उतरतं, त्याने चिकटाही हलतो. पण अर्धी वाटी बादलीभर पाण्यात घातल्यावर उरलेलं आम्ल जंतू मारेल यावर मी विसंबणार नाही. आणि आंबवलेलं गोडूस पाणी गटारात सोडून गटार शुद्ध होत नाही, त्यात सेंद्रिय मालाची भरच पडते.

सालपट
तुमच्या व्हिनेगरसाठी बाटली विकत आणावी लागते. माझ्या साली नाहीतर कचऱ्यात गेल्या असत्या. हेही मोजा की.

आम्लपित्त
हा मुद्दा बरोबर. मोजला.

टिंब_टिंब
गूळ मात्र झाडाला लागतो.

दक्ष
थट्टा चालू द्या, पण हे वाचल्याशिवाय कुणी बाथरूममध्ये जाऊ नका.

ज्यांच्या घरी क्लोरीनचं ब्लीच आहे, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यांनी ते व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड, कमोडचं ॲसिड यांपैकी कशाच्याही जवळ आणू नये. आम्लाशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, ईप्रच्या लढाईत शस्त्र म्हणून सोडला होता तोच. बंद बाथरूममध्ये थोडासाही पुरतो. सकाळी कमोडमध्ये ब्लीच आणि दुपारी 'नैसर्गिक' म्हणून व्हिनेगर, असं करायचं असेल तर मध्ये भरपूर पाणी ओतून फ्लश करा. खरं तर एका दिवसात एकच वापरा.

अमोनिया असलेल्या काच-सफाईच्या पाण्यातही ब्लीच मिसळू नका, क्लोरामाइन तयार होतं, तेही फुफ्फुसांना घातक. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत घालून 'डबल पॉवर' करणारेही असतात. त्यातून पेरॲसेटिक ॲसिड होतं. डोळे, त्वचा, घसा, सगळ्याला झोंबतं.

वास आला तर आधी बाहेर पडा. बाटली उचलायला, पुसायला थांबू नका. जाता जाता दार-खिडकी उघडता आली तर उघडा.

घासणी
+१. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

बोका_रे_बोका
घरात मांजर असेल तर सुगंधी तेलांचंही भान ठेवा. सफाईच्या पाण्यात टी-ट्री तेलाचे थेंब घाला, असं बऱ्याच कृतींमध्ये असतं. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखे पदार्थ नीट निकामी करता येत नाहीत. ते फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. टी-ट्री तेल मांजरांना विषारी आहे, आणि ते झाडातूनच काढलेलं असतं. आमचा बोका ओल्या फरशीवर मुद्दाम चालतो, त्यामुळे आमच्याकडे नुसतं साबणाचं पाणी.

उंबरठा
अवांतर: धाग्यात कोण कोण स्वतः घासतं आणि कोण नुसतं सांगतं?

शेपूट
मी घासतो. बायको दाखवते कुठे राहिलं.

ठिणगी
आमच्याकडे नवऱ्याने पुढाकार घेऊन 'संशोधन' केलं. कुठला सोडा चांगला यावर रात्री दोनपर्यंत वाचत होता. ओटा अजून तसाच आहे.

आम्लपित्त
ठिणगी, हे माझ्या घरच्यांनी लिहिलंय असं वाटलं क्षणभर.

जुनं_खोड
रिठ्याला सगळे विसरलेले दिसतात. त्यात सॅपोनिन असतं, पाण्यात फेस धरतं आणि तेल उचलतं. बिया काढून सालं रात्री भिजत घालायची, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळून कुस्करून गाळायची. फरशी, लोकरीचे कपडे, दागिने, सगळ्याला सौम्य. मात्र दोन-तीन दिवसांत आंबतं, म्हणून फ्रीजमध्ये ठेवा किंवा थोडंच करा. आणि डोळ्यात जाऊ देऊ नका. काय झोंबतं ते विचारू नका.

आणखी एक. साबणाच्या पाण्यात व्हिनेगर घालायची फॅशन आलीय. खरा साबण, म्हणजे तेल आणि अल्क यांचा, आम्लात फाटतो. दूध नासल्यासारख्या गुठळ्या होतात आणि तेल पुन्हा वर येतं, मग तेच फरशीला फासत बसा. भांडी घासायच्या द्रवाचं तसं होत नाही, तो साबण नसतोच.

धूळपाटी
चांदी काळी पडलीय, त्याला नैसर्गिक काही?

जुनं_खोड
काचेच्या भांड्यात तळाला ॲल्युमिनियमची फॉइल, वर चांदी फॉइलला टेकेल अशी, त्यावर चमचाभर सोडा आणि कढत पाणी. काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, त्यातला गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागेवर राहते. घासलं तर चांदीच झिजते. सडक्या अंड्यासारखा हलका वास आला तर घाबरू नका. मोती, चिकटवलेले खडे किंवा मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी असेल तर हा उपाय नको.

केरसुणी
नळ झाले! बुडाची कडसुद्धा. घासणीताई, टूथब्रशशिवाय ती खरंच हलली नसती. टाइल्सना धुण्याच्या सोड्याचं फडकं थोपवलं, पुसल्यावर फडकं पिवळंधमक निघालं. म्हणजे थर खालून वेगळ्याच रंगाचा होता.

अजून दोन प्रश्न. एक, चिमणीची तेलकट जाळी याच सोड्यात बुडवू का? दोन, ज्यासाठी धागा काढला ते: रांगत्या बाळाच्या फरशीवरचे जंतू. व्हिनेगरच्या पाण्याने पुसलं की पुरेसं का?

आम्लपित्त
जाळी: थांबा! चिमणीच्या बऱ्याच जाळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. धुण्याच्या सोड्यात त्या काळ्या पडतात आणि धातूही झिजतो. सोड्याच्या पाण्याचा एक थेंब जाळीच्या कोपऱ्यात टाकून बघा. पाच-दहा मिनिटांत तिथे काळं पडलं किंवा बारीक बुडबुडे आले तर ॲल्युमिनियम समजा. मग गरम पाणी, भांडी घासायचा द्रव आणि मऊ ब्रश, एवढंच. स्टीलची असेल तर खुशाल सोड्यात बुडवा.

दक्ष
बाळाच्या फरशीचं मी सांगतो. व्हिनेगरने काही जंतू मरतात, सगळे नाही, आणि जे मरतात त्यांनाही वेळ लागतो. जंतुनाशक म्हणून त्यावर भिस्त ठेवता येत नाही. पण रोजच्या फरशीला जंतुनाशक लागतंच असंही नाही. साबणाचं पाणी जंतू मारत बसत नाही, सुटे करून वाहून नेतं, आणि रोजच्या घाणीला तेवढं पुरतं. फक्त फडकं दर खोलीला पिळा, पाणी बदला, आणि शेवटी साध्या पाण्याचा एक हात मारा. घाणेरड्या फडक्याने पुसलेली फरशी न पुसलेलीपेक्षा वाईट.

घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या, कच्चं मांस सांडलं, अशा वेळी मात्र खरं जंतुनाशक वापरा आणि त्याच्या बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. ब्लीच नकोच असेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. वापरल्यावर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं. मात्र पृष्ठभाग आधी साबणाने धुतलेला हवा आणि नंतर तो काही मिनिटं ओला राहायला हवा. उजेडाने ते निकामी होतं, मूळच्या गडद बाटलीतच ठेवा.

आणि धुण्याचा सोडा, सायट्रिक ॲसिड यांच्या पुड्या बाळाच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर. साखरेसारख्या दिसतात, डब्यावर ठळक नाव लिहा. पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत यातलं काहीही भरू नका.

केरसुणी
जाळी काळी पडली. थेंबानेच. बरं झालं विचारलं. डब्यांना चिठ्ठ्या लावायला घेतल्यात.

उंबरठा
जाता जाता माझंही एक. किटलीच्या तळाला क्षार जमलेत. सायट्रिक ॲसिड घालून खळखळून उकळवू का?

आम्लपित्त
लिटरभर पाण्यात दोन चमचे पुरे. उकळवू मात्र नका. आधी नुसतं पाणी गरम करा, किटली बंद करा, मग पूड घाला आणि अर्धा तास सोडा. फार कढत पाण्यात कॅल्शियम सायट्रेट विरघळायचं सोडून उलट पांढरं होऊन तळाला बसतं, आणि ते काढणं मूळ थरापेक्षा जड जातं. दोनदा स्वच्छ पाणी उकळून ओतून टाका, मग वापरा.